अर्ध्या दंडारीचा वकील

ज्या दंडारीसाठी मी वर्षभर साऱ्या पट्ट्याशी भांडलो, ती दंडार मी अर्धीच पाहिली होती.

हे मला माहीत नव्हतं, एवढाच माझा बचाव. माहीत असतं तरी भांडलोच असतो म्हणा, पण जरा खालच्या आवाजात.

तेव्हा मी जंगलाच्या नाक्यावर नाकेदार होतो. आरमोरीहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता, रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू, बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला आणि त्या दगडाशेजारी मी. आमचा चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. पुढे तो मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. बांबू मात्र जागचा हलला नाही. लाकडाच्या गाड्या यायच्या, गाडीवान पास दाखवायचे, मी तो उलटसुलट करून पाहायचो आणि बांबू वर करायचो. खाकी सदरा मिळाला होता, तो दोन माणसांच्या मापाचा होता. उरलेल्या जागेत माझा अधिकार भरलेला असे.

नाक्यासमोर एका बाईंचं चहाचं दुकान होतं. गवताची झोपडी, पण सगळे तिला हॉटेल म्हणत. बाई पन्नाशीच्या, अंगानं किडकिडीत आणि जिभेनं भरलेल्या. मी सकाळी त्यांच्या चुलीचा धूर पाहून नाका उघडायचो आणि दिवसभर त्यांच्याशी वाद घालायचो. नोकरी अशी ती एवढीच.

आता दंडारीबद्दल. आमच्या झाडीत, म्हणजे चांद्याकडच्या या जंगलपट्टीत, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, एका दिवसाची जत्राच. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, आणि गावानं ज्या मंडळीला सुपारी दिली असेल ती मंडळी भर दिवसा, गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी बसलेल्या लोकांत दंडार करते. डफ, टाळ, तुणतुणं, गाणं, नाच, सवाल-जबाब, आणि सोंगाड्या. सोंगाड्याशिवाय दंडार म्हणजे मिठाशिवाय आंबील.

आमच्या पट्ट्यात एक मंडळी अशी होती की तिच्यासाठी लोक कापणी टाकून जात. तिची एक दंडार सगळ्यांना तोंडपाठ. तीत सोंगाड्या नवऱ्या मुलाच्या थाटात बैलावर बसून निघतो आणि सासरच्या दारातच चिखलात पडतो. खरा चिखल कालवून ठेवलेला असायचा. पुढे बसलेल्यांच्या धोतरांवर तो उडायचा आणि ते लोक घरी जाऊन डाग दाखवायचे. हिचं नाव पडलं होतं चिखलाची दंडार.

मग एका वर्षी या मंडळीच्या शाहिरानं नवीनच दंडार जोडली, स्वतः रचलेली. तिला लोक बैलाची दंडार म्हणायला लागले, आणि बरं बोलत नव्हते.

मी ती पहिल्यांदा पाहिली ती शेजारगावच्या मंडईत. नाका सोडून जाणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, म्हणून मी बांबू खाली बांधला, खाकी सदरा खुंटीला लटकवला आणि आडवाटेनं पळत गेलो. आभाळ भरून आलं होतं, भुरभुर येऊन गेली होती. उशिरा पोचलो, म्हणून जागा मिळाली ती एका रेंगीच्या, म्हणजे छोट्या बैलगाडीच्या, मागे. रेंगीच्या चाकातून मला अर्धा आखाडा दिसत होता. अर्ध्याची सुरुवात इथूनच झाली असं म्हणायला हरकत नाही.

एक म्हातारा, एक म्हातारी. म्हातारा स्वतः शाहीर, आणि म्हातारी म्हणजे पदराखाली मिशा दाबलेला एक गडी. दावणीला एक बैल, घोंगडं पांघरलेला माणूस तो. त्याच्या शेजारची जागा रिकामी. जोडीतला दुसरा बैल रानातून परतलेला नाही. म्हातारा दोर वळतो, म्हातारी तांदूळ निवडते, दोघं इकडचं तिकडचं बोलतात, बैलाचं नावही काढत नाहीत. पण मधूनच दोघांचीही मान रानाकडे वळते. मी चाकाला गाल लावून पाहत होतो.

आणि मग लांबून बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटी वाजली. दोघं उभे राहिले, रानाकडे तोंड करून. डफ थांबला. टाळ थांबले. डफवाला डफ काखेत मारून मुकाट्यानं उठला आणि गर्दीतून बाहेर निघून गेला. म्हातारा-म्हातारी तशीच उभी. कोणी हलेना, कोणी बोलेना.

मी म्हटलं, झालं. याला म्हणतात शेवट.

मी शेल्यानं डोळे पुसले. नाकाही डोळ्यांपुढे येत होता. मी हळूच उठलो आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, परतलो. बाकीचे लोक उठले नाहीत हे मला दिसलं होतं. मला वाटलं, सुन्न झाले बिचारे.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या हॉटेलात गाडीवानांचा दरबार भरला. बाईही कालच्या मंडईला गेल्या होत्या, बायकांच्या बाजूला बसल्या होत्या.

"येवढी वाया गेलेली दंडार मी जलमात नाई पाह्यली," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमाले समजली नाई," मी म्हटलं. "चिखलाची दंडार हसवते अन् घरी जाईपर्यंत विसरते. ही पोटात राहते."

"पोटात तं कच्चा भातबी राहते भाऊ."

"म्हातारा बोलत नाई, म्हातारी बोलत नाई, तरी सारं समजते. हे कोणाले जमते सांगा."

"मी हसायले गेल्ती. रडायले मले घरी जागा नाई काय?" त्यांनी कप आपटला. "बाकी सारं सोडा. शेवटाचं बोला. तो शेवट कोणाले पटला?"

"मले पटला."

"सोंगाड्याचं काय केलं त्यानं, पाह्यलं ना?"

"पाह्यलं. बरंच केलं." माझ्या समजुतीप्रमाणे शाहिरानं सोंगाड्याला आणलाच नव्हता.

"येवढा हसवणारा माणूस, अन् त्याचं असं करून टाकलं."

"त्यातच तं हिंमत आहे बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं. आम्ही दोघं एकाच दंडारीबद्दल बोलतो आहोत अशी दोघांचीही पक्की खात्री होती. वाद रंगायला याहून जास्त काही लागत नाही.

त्या दिवसापासून नाक्यावर दोन पक्ष पडले, चिखलवाले आणि बैलवाले. बैलवाला सुरुवातीला मी एकटाच होतो, पण माझ्या हातात बांबू होता. गाडी थांबली की मी पास पाहता पाहता विचारायचो, "काय गा, बैलाची दंडार पाह्यली काय?" जो म्हणे "पाह्यली, कंटाळा आला जी," त्याचा पास वाचायला मला फार वेळ लागायचा. अक्षर लागत नसे. शिक्का पुसट दिसे. गाडीतली लाकडं पुन्हा मोजावीशी वाटत. जो म्हणे "भलती चांगली होती," त्याचं अक्षर मोत्यासारखं असायचं. पावसाळ्याआधीच बांबूच्या अलीकडे सारे बैलवाले झाले. पलीकडे गेल्यावर ते काय बोलत ते बाईंना ऐकू येत असे आणि त्या मला चहाबरोबर आणून देत.

भाषण मात्र माझं दिवसेंदिवस चांगलं होत गेलं. घंटीवर तर मी फार बोलायचो. ती घंटी खरी वाजतच नाही, म्हणायचो, ती म्हाताऱ्याच्या कानात वाजते. बैलाचं काय झालं ते शाहीर सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणूनच आपण जन्मभर विचारत बसतो. हे ऐकताना गाडीवान एकमेकांकडे पाहत. मी समजायचो, भारावले.

उन्हाळ्यात एक गाडी आली, मांडवाच्या बल्ल्या भरलेली. गाडीवानानं "पास पाहा भाऊ" म्हटलं आणि मी आवाज ओळखला. तो शाहीर होता. आखाड्यात म्हातारा दिसणारा माणूस जवळून चाळिशीचा निघाला. मी त्याला ओढतच हॉटेलात नेला.

बाईंनी चहा देता देताच सांगून टाकलं, "तुमची ते बैलाची दंडार मले नाई आवडली, शाहीर."

"तुमालेच काय बाई, कोणालेच नाई आवडली." शाहीर बशीत पाहत बोलत होते. "लोकांनी मधातच हाका मारल्या, 'उडी मार, चिखलात पड.' गडी माझा बिचकून गेला. आता मंडळीतले बी म्हणते, सोडून दे. चिखलाचीच करू."

"मंग?"

"मंग काय. यंदाच्या मंडईत एका गावानं तरी तेच मागितली, तं करीन. नाई मागितली, तं समजीन का आपल्याले नवीन जोडताच येत नाई. बापानं जोडलेली चिखलाची आहे, तेच करत राहीन." त्यांनी चहा प्यायला नव्हता. "एका गावचा पाटील बोलला, शेवट काढून टाक, मंग देतो सुपारी. तेवढं करावं असं वाटून राह्यलं."

मी उभा राहिलो. खाकी सदरा अंगावर होता, त्याचा मला आधार वाटला.

"शेवटाले हात लावायचा नाई, शाहीर."

त्यांनी मान वर केली. "शेवट आवडला तुमाले?"

"शेवटासाठीच तं साऱ्या पट्ट्याशी भांडून राह्यलो. बाकी काही काढायचं असन तं काढा. शेवटातलं एक अक्षर काढायचं नाई."

शाहिरांनी बशी जवळ ओढली. मग म्हणाले, "तो शेवट माझ्या घरचा आहे भाऊ. आमचा बैल वाघानं नेला तवा बापाले कसं सांगावं ते मले समजत नव्हतं." त्यांनी चहा एका घोटात संपवला. मला त्यांचं म्हणणं नीट कळलं नाही, पण मी जाणत्यासारखी मान हलवली. मी बांबू त्यांचा पास न पाहताच वर केला, आणि माझ्या गावच्या मंडईत बैलाचीच दंडार होईल असा शब्द देऊन बसलो.

शब्द देणं सोपं होतं, गाव माझ्या हातात नव्हतं. सुपारी कोणत्या दंडारीची द्यायची हे मारुतीच्या पारावर ठरत असे आणि तिथे पाटील बसत. धान पोटरीला आलं तेव्हा बैठक झाली.

"जावई येते, पाहुणे येते," पाटील म्हणाले. "त्याइले हसवून पाठवायचं का रडवून? चिखलाची सांगा."

मी बोलायला उठलो. दोर वळण्यावर बोललो, तांदळावर बोललो, रिकाम्या दावणीवर बोललो. घंटीवर आलो तेव्हा पाटलांनी जांभई दिली. लोक चुळबूळ करायला लागले. शाहिराचं जोडणं आता माझ्या तोंडावर लटकलं होतं आणि माझ्या तोंडावर कोणाचा भरवसा नव्हता. मी शेवटावर पोचायच्या आतच पाटलांनी हात वर केला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हॉटेलवाल्या बाई म्हणाल्या, "आणा जी तेच. साल झालं, मी रोज ऐकून राह्यली. एकदा पुरी पाहू द्या गावाले, म्हणजे या माणसाचं तोंड तरी बंद होईल."

लोक हसले. हसण्यात काम झालं. पाटील म्हणाले, "लोकं उठून गेले तं?"

"तं चिखल कालवूच," बाई म्हणाल्या, "अन् नाकेदारभाऊले पाडू त्याच्यात."

मंडईपर्यंत मला चैन नव्हती. घरोघर जाऊन सांगत होतो, ही दंडार मुकाट्यानं पाहायची असते. मधे कोणी "उडी मार" म्हणायचं नाही. गाडीवानांना तर तंबीच दिली. शेवटाला विशेष गप राहा, म्हटलं, सारं तिथेच आहे.

मंडईच्या दिवशी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं होतं. खळ्याखळ्यावर धानाचे पुंजणे चमकत होते. या वेळी मी अगदी पुढे बसलो, बसलो म्हणजे मांडच ठोकली. बायकांची बाजू सुरू होते तिथे, हाताच्या अंतरावर, बाई.

दंडार सुरू झाली. दोर, तांदूळ, रिकामी दावण. लोक गप होते. इतके गप की घोंगड्याखालचा माणूस खोकला तो ऐकू आला. मी बाईंकडे पाहत होतो आणि प्रत्येक जागेला भुवई उडवत होतो, म्हणजे बघा, मी काय म्हणालो होतो. बाई पाहतच नव्हत्या माझ्याकडे.

लांबून लाकडी घंटी वाजली. म्हातारा उठला, म्हातारी उठली. मी शेला खांद्यावर टाकला आणि अदबीनं उभा राहिलो.

"कुठी चालले?" बाई कुजबुजल्या.

"झालं ना."

"काय झालं? अर्धी बी नाई झाली."

डफ थांबला नव्हता. उन्हानं टणक झालेला तो डफ बारीक बारीक वाजत होता, आणि त्याच्या तालावर एका रेंगीच्या मागून सोंगाड्या आला. गायक्याच्या, म्हणजे गुराख्याच्या, सोंगात, डोक्यावर मोराचं पीस, हातात ती लाकडी घंटी. घंटी तोच वाजवत होता.

"हा कोण?" मी म्हटलं.

"सोंगाड्या."

"हा गेल्या साली नव्हता. यंदा घातला काय? बाई, बिघडवली यानं दंडार."

"गेल्या साली बी होता." बाईंनी आता माझ्याकडे तोंड वळवलं. "डफ ओला होऊन ढिला पडला होता म्हणून डफवाला धानाच्या तणसीवर शेकायले गेला होता. तणीस बी ओली, जाळ धरे ना. येवढा वेळ हे दोघं उभेच राह्यले बिचारे. मंग आला ना सोंगाड्या." त्या बोलता बोलता थांबल्या. "तुमी तवा उठून गेले होते काय?"

मी नाकेदार होतो. रोज माणसांना उलटसुलट प्रश्न विचारायचो. आज मी नुसता शेल्याची घडी घालत उभा राहिलो.

रात्रीच्या दंडारीत शेकोटी आखाड्यातच असते, डफ तिथल्या तिथे शेकतात, कोणाला उठून जावं लागत नाही. दिवसाला जाळ नसतो, तो कोणाच्या तरी खळ्यावर जाऊन करावा लागतो. हे झाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी मी डोळे पुसत होतो.

"खाली बसा," मागून कोणी म्हणालं. "दिसत नाई जी."

मी बसलो.

सोंगाड्या म्हाताऱ्यापुढे आला आणि बडबडायला लागला. बैल वाघानं नेला हे त्याला सांगायचं होतं आणि तोंडातून निघत नव्हतं, म्हणून तो गमती करत होता. शेजारणीच्या कोंबडीचं सांगितलं, पाटलाच्या घोड्याची नक्कल केली, स्वतःच्याच धोतरात अडखळला. घंटी मात्र पाठीमागे लपवत होता आणि ती दर उडीला वाजत होती. म्हातारा काही विचारत नव्हता. मागे कोणीतरी "उडी मा..." म्हणून सुरुवात केली, तर एक गाडीवान त्याच्यावर खेकसला, "चूप राह्य. नाकेदार सांगते ते ठिकाण हेच आहे."

सगळं गाव त्या जागेकडे माझ्या डोळ्यांनी पाहत होतं आणि मी ती पहिल्यांदाच पाहत होतो.

सोंगाड्याच्या गमती संपल्या. त्यानं घंटी रिकाम्या दावणीच्या खुंट्याला बांधली आणि खाली मान घालून निघून गेला. म्हातारीनं चारा उचलला आणि दोन्ही जागी टाकला. मग डफ थांबला. लोक उठले नाहीत. या वेळी ते खरोखर सुन्न होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की सुन्न झालेले लोक कसे दिसतात. गेल्या वर्षीच्या लोकांसारखे मुळीच नाही.

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "धूर येऊन राह्यला," म्हणाल्या. धूर कुठे होता. त्या दिवशी डफ शेकायची गरजच पडली नव्हती.

आता माझं खरं मत सांगतो, कारण ते मी आजवर बदललेलं नाही. मला तो भाग आवडला नाही. सोंगाड्या आला आणि माझी वर्षभराची घंटी म्हाताऱ्याच्या कानातून निघून एका माणसाच्या हातात गेली. बैल मेला हे कळून मला काय मिळालं? तो रानात होता तोवर माझा होता. माझा शेवट त्यांच्यापेक्षा चांगला होता, आणि तो ओल्या तणसीनं केला होता एवढ्यानं तो वाईट ठरत नाही.

संध्याकाळी शाहीर हॉटेलात आले, अंगावर म्हाताऱ्याचंच धोतर. मागे दोन गावचे पाटील उभे होते, त्यांना त्यांच्या मंडईत बैलाचीच दंडार हवी होती. गाडीवान सोंगाड्याच्या घंटीवर वाद घालत होते. चिखलवाला शोधून सापडत नव्हता. शाहिरांनी माझे दोन्ही हात धरले.

"भाऊ, तुमी नसते तं मी शेवट काढून टाकला असता."

बाई चहा ओतत होत्या. गेल्या वर्षीचं माझं उठून जाणं त्यांनी पोटातच ठेवलं. गप राहायची एवढी सोय मला पुन्हा कोणी करून दिली नसती. पण माणसाचा स्वभाव असतो.

"चांगली झाली," मी म्हटलं. "फक्त शेवट जरा लांबला, शाहीर. ते घंटी वाजते ना, तिथेच थांबवली असती तं..."

शाहिरांची बशी ओठांपाशी थांबली. बाईंनी किटली खाली ठेवली.

"तुमी चहा घ्या शाहीर, त्याचं आयकू नका," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "नाकेदारभाऊ, पुढल्या साली बी मधातूनच उठून जा. अर्धं पाहून तुमी भलतं चांगलं बोलता. पुरं पाह्यलं का बिघडते तुमचं."